आडाच्या काठावरची राणी

एका राज्यात सुवर्णध्वज नावाचा राजा होता. राणी इंदुलेखा, आणि लहानगी लेक कुंदकलिका. सारे सुखात होते, आणि ते सुख धूम्रकेश मांत्रिकाच्या डोळ्यांत खुपत होते. त्याने राणीकडे राजमुद्रा मागितली. राणी म्हणाली, "मिळणार नाही." त्याने चिमूटभर राख उडवून मंत्र पुटपुटला. राणीची शिळा झाली, खजिन्यातल्या माणकांचे चिंचोके झाले आणि राजकन्येच्या मुठी वळल्या त्या उघडेनात.

"लेकीने शिळेपुढच्या धुळीत 'आई' लिहावे, म्हणजे राणी उठेल," मांत्रिक हसला. "पण मुठीला कुठले अक्षर येणार?"

राजाला धीर कुठला! त्याने लेकीची मूठ धरली, एक बोट बळेच ओढून काढले आणि धुळीवर फिरवले. पोर कळवळून ओरडली. 'आ' कसाबसा उमटला. 'ई' काढताना हात निसटला; खालची शेपटी राहिली, वरचा तुरा राहिला. धुळीत उमटले 'आड'. मंत्राला काय, तो लिहिलेले तेवढेच वाचतो! तिथे जमीन फाटली, खोल विहीर झाली, आणि राणीची शिळा तिच्या काठावर कलून उभी राहिली. आता पुन्हा चुकले की राणी तळाला. अहो, मायेनेच केले होते राजाने. पण केले ते वाईटच.

शेजारच्या बाभळीवर एक सुगरण खोपा विणत होती. तिला वाचा होती.

"राजा, पोरीच्या हाताला हात लावणार नाहीस, असे वचन दे. मग तीन कामे सांगते."

"दिले," राजा म्हणाला.

"पहिले काम. कुंदे, कणीक तिंब आणि चिमटीने तांदळाएवढे गव्हले वळ."

कुंदकलिका मुठींनीच कणीक तिंबू लागली. तिंबता तिंबता मुठी सैलावल्या, बोटे सुटी झाली. पहिले गव्हले पेढ्याएवढे झाले. दासी हसल्या, राजाने त्यांना गप्प केले. पुढे मात्र ते खरेच तांदळाएवढे होऊ लागले. सुगरणीने ते पिलांना भरवले आणि पिले बोलू लागली.

"दुसरे काम. चिंचोके मांड."

सुगरणीने अंगणात चोचीने ग, म, भ, न कोरले. राजकन्या रेघेवर एकेक चिंचोका ठेवत गेली. अक्षर पुरे झाले की चिंचोक्यांची पुन्हा माणके होत. खजिनदार ती ओंजळीने गोळा करी. कुंदकलिका तिकडे बघेसुद्धा ना. "आई कधी उठेल?" एवढेच विचारी.

"तिसरे काम. चिमटीतून रांगोळी सोड. रेघ तुटता कामा नये."

रेघ तुटली. पुन्हा काढली, पुन्हा तुटली. "मला नाही येत जा! बोटं दुखतात माझी!" पोरीने रांगोळी भिरकावली आणि भोकाड पसरले. राजा ताडकन उठला, वचन आठवून थांबला. "बाळे, मी इथेच बसलोय हो," म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसले, चिमूट भरली. या खेपेला रेघ अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

मग कुंदकलिका आडाच्या काठाशी बसली. सारी नगरी जमली होती. तिने धुळीत 'आ' काढला. मग 'ड'. शिळा करकरली, आडाकडे झुकली. माती ढासळून आत पडली. राजाचे हात शिवशिवले. त्याने ते पाठीमागे गच्च धरले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"शेपटी," सुगरण हळूच म्हणाली.

लेकीने शेपटी काढली. मग जीभ दातांत धरून, बोट न थरथरू देता, डोक्यावर तुरा दिला.

आड बुजला. शिळेला श्वास फुटला. तिकडे धूम्रकेशाच्या दोन्ही मुठी वळल्या; मंत्राची चिमूट त्याच्या हाताला पुन्हा कधी आली नाही. राणीने डोळे उघडले, खाली वाकली आणि लेकीचा हात हातात घेतला.

"कुंदे, किती गं धूळ ही बोटांना!" राणी म्हणाली आणि पदराने एकेक बोट पुसू लागली.

राजमुद्रा राणीकडेच राहिली, राज्याची घडी पुन्हा बसली. आणि त्या राज्यात अजून रीत आहे: मूल पहिले अक्षर काढायला बसले, की बाप समोर बसतो आणि आपले हात पाठीमागे धरतो.