हैबतरावांचा मूळ पुरुष

"आमच्या घराण्याचा मूळ पुरुष सूर्य! तसा कागद अमावास्येच्या आत हजर करा. नाही मिळाला, तर तुमचं सगळं दफ्तर महालाच्या बंबात घालू. निदान आमच्या अंघोळीचं पाणी तरी तापेल!"

सोनकड संस्थानच्या हैबतराव महाराजांचा हा हुकूम ऐकला आणि दफ्तरदार दाजीपंत धावतच दफ्तरखान्यात शिरले. सगळा घोळ एका मेजवानीनं केला होता. शेजारच्या वाघोजीरावांनी महाराजांना जेवायला बोलावलं आणि पानावर बसवायच्या आधी भिंतीवर रंगवलेली आपली वंशावळ दाखवली. बुंध्याशी तळपणारा सूर्य, शेंड्याला मिशा पिळणारे वाघोजीराव! महाराजांना त्या दिवशी श्रीखंडसुद्धा कडू लागलं.

सोनकडच्या दफ्तरखान्यात साऱ्या मुलखाचे कागद होते. कुणाची पाटीलकी, कुणाची जमीन, कुणाचा खापरपणजा कुठून आला, सगळं लाल फडक्यांत बांधून ठेवलेलं. या गठ्ठ्यांना ऊन दाखवायचं, कसर लागू नये म्हणून वेखंडाची पूड भुरभुरायची, हे काम ठकूबाईचं. लांबलांबच्या गावांतून माणसं यायची, आपल्या पूर्वजाचं नाव ऐकून डोळे पुसायची आणि जाताना ठकूबाईच्या हातावर शेंगा ठेवायची. हे सगळं बंबात जाणार म्हटल्यावर ती तडक पंतांपुढे जाऊन उभी राहिली.

"पंत, सापडला का सूर्य?"

"कुठला सापडतोय!" पंत खालच्या आवाजात म्हणाले. "महाराजांचं घराणं मागे जातं आणि एका माणसापाशी थांबतं. हा बघ कागद. तो कोण होता ते महाराजांना सांगितलं तर माझं डोकं धडावर राहणार नाही. त्यापेक्षा कांद्याच्या सालींच्या पाण्यात नवा कागद भिजवतो, जुना दिसेल."

"आणि वास आला म्हणजे? महाराज म्हणतील, सूर्यवंश का कांद्याची भजी?"

पंतांनी कपाळाला हात लावला. "मग तूच जा दरबारात!"

"जाते की!" ठकूबाईनं पदर खोचला.

अमावास्येला दरबार भरला होता. पंत खांबाआड, ठकूबाई पुढे. तिच्या आधी एका गड्याची फिर्याद चालली होती. त्याला आजाच्या नावची पाटीलकी आपल्या नावावर हवी होती.

"आणि तुझा आजा?" महाराजांनी विचारलं.

"हाय जी. वसरीवर बसलाय. पण दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई..."

"जेवतो ना?"

"दोन वक्ताला हादडतो जी!"

"मग चालता हो!" महाराज कडाडले. "मूळ मालक जिता असताना वारसाचं नाव लागत नाही, हा आमच्या राज्याचा कायदा आहे. आधी आजोबाच्या मयताचा दाखला आण, मग पाटीलकी माग! पुढे कोण?"

"मी, महाराज. दफ्तरातली ठकू. सूर्याचं काम घेऊन आलेय."

महाराजांचे डोळे लकाकले. "सापडला कागद?"

"कागद काय, आत्ता लिहून देतील पंत. मूळ पुरुष सूर्य, वारस हैबतराव. फक्त एकच दाखला कमी पडतोय."

"कसला?"

"सूर्याच्या मयताचा!"

महाराज गरजले, "अगं, सूर्य कधी मरतो का?"

"तेच तर म्हणतेय मी! आजच सकाळी उगवताना पाहिला. चांगला ठणठणीत होता. दुपारी तर डोक्यावर बसला. मूळ मालक असा धडधडीत जिता, मग गादीवर वारसाचं नाव लावायचं कसं? कायदा तुमचा आहे, महाराज. आत्ताच त्या गड्याला सांगितलात!"

महाराज गादीवरून थोडे सरकले. "पण... सूर्यानं कधी राज्य मागितलंय?"

"मागायला कशाला हवं? रोज येऊन मुलूख पाहून जातातच की आजोबा! आज ना उद्या म्हणतील, ऊठ बाळ, जरा बसू दे!"

महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या. प्रधानजी जमिनीकडे पाहू लागले. खांबाआड पंतांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात महाराज एकदम ताठ बसले.

"म्हणजे तो वाघोजीराव..."

"राखणदार, महाराज! गादी आजोबांची, हे नुसते बसलेत. तसं त्यांनी स्वतःच भिंतीवर रंगवून कबूल केलंय!"

असं म्हणताच महाराज जे हसत सुटले, ते त्यांना ठसका लागेपर्यंत! "प्रधानजी, खलिता लिहा! वाघोजीरावांना म्हणावं, आजोबांच्या मयताचा दाखला पाठवा, नाहीतर गादी रिकामी करा!"

डोळे पुसून झाल्यावर मात्र त्यांनी ठकूबाईला जवळ बोलावलं. "आता खरं सांग. आमचा मूळ पुरुष कोण?"

"गोजाबा, महाराज. गडावरच्या फौजेच्या भाकऱ्या भाजायचा. शत्रू आला, सगळी फौज पळाली, हा एकटा गडावर बसून राहिला."

"वा! केवढं धाडस!"

"धाडस कसलं! शेवटची भाकरी तव्यावर होती. पण समोर अख्खी फौज पाहूनही हा आपला शांतपणे भाकरी उलटतोय, म्हटल्यावर शत्रूला वाटलं, आत दहा हजार माणूस दडलंय! पळाले सगळे. गड गोजाबाचा झाला."

पंतांनी खांब घट्ट धरला. महाराज गंभीर झाले आणि हळूच विचारते झाले, "हा तरी नक्की मेलाय ना?"

"अगदी नक्की, महाराज! अजीर्णानं गेला. दाखला आहे!"

मग तर महाराजांच्या हसण्यानं दरबाराची झुंबरं किणकिणली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूबाईला दिलं, दफ्तरखान्याला नवी कौलं घालायचा हुकूम सोडला, आणि कुणीही आपला पूर्वज शोधायला आला तर त्याला दारातून परत पाठवायचं नाही, अशी ताकीद प्रधानजींना दिली. आणि त्या दिवशी पंगतीला वाढप्यानं पुरणपोळी पुढे केली, तर महाराज म्हणाले, "ती राहू दे. भाकरी आण, तव्यावरची!"