अंगठा कोणाचा?

फोनच्या काचेवर अंगठा सरकवला की फोन उचलला जातो, ही युक्ती मुळात कोणाची, यावरून देवडोंगरच्या राज्यात दोन कंपन्या वर्षानुवर्षं भांडत होत्या. शंखनाद म्हणे आमची, घंटानाद म्हणे आमची. पेटंटचा कागद दोघींकडे होता आणि वकीलही दोघींचे गलेलठ्ठ होते. शेवटी भूपाल महाराज वैतागले. निकाल लागेपर्यंत कोणीही काचेवर अंगठा सरकवायचा नाही, अशी त्यांनी दवंडी पिटवली. घरोघरी फोन वाजत राहिले आणि लोक त्यांच्याकडे बघत बसले.

पहिली सापडली सारजा. मोकाट गुरं कोंडून ठेवतात त्या कोंडवाड्याची ती राखणदार. लेक बाळंत झाल्याचा फोन आला आणि तिनं तो उचलला. नातीचं तोंड बघायला निघालेल्या बाईला शिपायांनी वाटेतूनच दरबारात आणलं.

महाराज म्हणाले, "आता निकाल तूच लाव. पण दोन्ही कंपन्यांपैकी एकीनंही कुरकुर करता कामा नये. नाहीतर तुला वर्षभर कैद."

सारजानं दोन्ही वकिलांना विचारलं, अंगठा सरकवणं तुमचंच ना? दोघांनीही छातीवर हात ठेवून शपथ घेतली.

"मग नुकसान भरा," सारजा म्हणाली. "कोंडवाड्यातल्या म्हशीवर हक्क सांगायला चौघं येतात. तिनं खाल्लेला ऊस कोण भरून देणार, ते मी आधी विचारते. दिवाळीत महाराज प्रधानजींना आपल्या सासऱ्यांबद्दल काहीबाही सांगत होते. तेवढ्यात सासऱ्यांचाच फोन आला, महाराजांचा अंगठा चुकून सरकला आणि त्यांनी सगळं ऐकलं. अब्रू गेली म्हणून ते पन्नास हत्ती मागतात, हे साऱ्या राज्याला ठाऊक आहे. ज्याची युक्ती, त्यानं हत्ती द्यावेत."

शंखनादचा वकील खोकला. नीट पाहता युक्ती घंटानादचीच दिसते, असं तो म्हणाला. घंटानादच्या वकिलानं हात जोडले आणि हा मान शंखनादलाच द्यावा अशी विनंती केली.

"लिहून घ्या," सारजा म्हणाली. "दोघंही आपली नाही म्हणतात. मालक नसलेलं जनावर गावाचं होतं. अंगठा आजपासून रयतेचा. दोघांनी मागितलं तेच दिलंय, आता कुरकुर कसली?"

महाराजांनी हळूच विचारलं, "आणि माझे हत्ती?"

"ते अंगठ्यामुळे नाही, महाराज, जिभेमुळे गेले. आणि जिभेवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितलेला नाही."

प्रधानजींनी छताकडे पाहिलं. महाराज मात्र इतके हसले की मुकुट सावरावा लागला. सासऱ्यांकडे पाठवायच्या हत्तींपैकी एक त्यांनी मागे ठेवला, तो सारजाला देऊन टाकला आणि त्यावर बसवून तिला लेकीकडे पाठवलं.