धुरपताने सोडलेलं पाणी

एक होता गोंड राजा. भंडाऱ्याकडचा सगळा मुलूख त्याचा. पण तिथे नुसतं रान, बरं का! पाऊस यायचा आणि वाहून जायचा. मग राजाने दवंडी पिटली, "जो तळं बांधेल, त्याच्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन त्याची!"

तिथे राहायची धुरपता कोहळी. कोहळी म्हणजे तळी बांधणारी माणसं. जमिनीचा उतार त्यांना नुसत्या नजरेने कळायचा. धुरपताने गाव कामाला लावलं, दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घातली. पण बाई मोठी हावरी! थेंबभरसुद्धा बाहेर जाऊ देईना. खालच्या गावाने ते पाणी अडवून तळं बांधलं तर जमीन त्यांची होईल ना! मग श्रावणात तळं भरलं आणि पाळ फुटली. रोपं वाहून गेली.

दुसऱ्या वर्षी तिने पाळ आणखी उंच केली. तीही फुटली. घराघरात मूठभर धान उरलं. लोक गाठोडी बांधायला लागले.

"आता फुटली तं गाव उठलं समज," म्हातारा सासरा म्हणाला.

तिसऱ्या श्रावणात पाणी पाळीच्या काठाला टेकलं. धुरपताने दारोदारची बांधलेली गाठोडी बघितली. मग तिने कुदळ उचलली आणि कडेच्या खडकातून पाण्याला स्वतःच वाट करून दिली!

"अवं पोरी, जमीन जाते ना आपली!" सासरा ओरडला.

"जाऊ द्या मामाजी, गाव तं राह्यते!"

पाणी खळखळत खाली गेलं. पाळ राहिली. खालच्या गावच्या कवडूने ते पाणी अडवलं, त्यानेही कडेला वाट ठेवली. मग त्याच्या खालच्याने. एका तळ्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, मोजता मोजता दमाल!

मग राजा आला. टेकडीवर चढला आणि बघतच राहिला. नजर जाईल तिथवर पाणी, काठाला हिरवंगार धान, धानात सारसांच्या जोड्या.

"धुरपता, पाणी तुझ्या तळ्यातून आलं," तो म्हणाला. "ही सगळी जमीन तुझी."

खालच्या गावांची माणसंही तिथे जमली होती. कवडूने तर मान खाली घातली. इतक्या कष्टाची शेतं गेली की!

धुरपता म्हणाली, "नाही जी महाराज. म्या सोडलं, ते माझं कसं? ज्यानं अडवलं, त्याचं."

राजाने डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि तिच्या पाळीवर ठेवलं.

मग कुणालाच गाव सोडावं लागलं नाही. वरची, खालची, सगळी माणसं पोटभर भात जेवून सुखाने राहिली. भंडाऱ्याला अजून तळ्यांचा जिल्हा म्हणतात, बरं का. चला, पाय पोटाशी घ्या आणि डोळे मिटा बघू.