कुंदाच्या बाबांचा अंगठा

जिथे माडांच्या सावल्या लाटांत पाय सोडून बसतात, तिथे एका इवल्याशा झोपडीत कुंदा आणि तिचे बाबा राहायचे. आई नव्हती. बाबा सुंभ वळायचे. नारळाच्या काथ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून तळहातांनी पीळ देत गेले, की सोनेरी दोरी सरसर लांब व्हायची.

पण त्या वर्षी बाबांचा उजवा अंगठा लालबुंद झाला, सुजला, तापला. चादरीचं टोक टेकलं तरी बाबा कळवळायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण दुखणं ओसरलं की बाबा त्या फळीवर ठेवून द्यायचे आणि महिन्याभरात अंगठा पुन्हा फुगायचा. काम बंद पडलं, आणि घरात दोन वेळच्या जेवणाची पंचाईत झाली.

शेजारची शेवंती मात्र मजेत होती. तिचे बाबा, भिकूकाका, होडीतून उतरले की तिला खांद्यावर घेऊन ओल्या वाळूत नाचायचे. तिचे चिमुकले पैंजण छुमछुम वाजायचे, आणि इकडे कुंदाच्या पोटात दुखायचं. तशी कुंदा गुणाची पोर होती, पण हेवा काय, गुणी मुलांनाही वाटतो.

आजाऱ्याला तिसऱ्यांचा रस्सा पाजला की अंगात ताकद येते, असं त्या किनाऱ्यावर सगळेच सांगत. म्हणून कुंदा रोज ओहोटीला वाळू उकरून टोपलीभर शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, गोळा करायची. आपले बाबा भिकूकाकांपेक्षा धट्टेकट्टे झालेच पाहिजेत, असा तिचा हट्ट होता. पातेलं पार रिकामं होईपर्यंत ती बाबांसमोरून हलायची नाही.

एका गुलाबी सकाळी माडाखालच्या फाटक्या जाळ्यात काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी परी होती ती. मोतिया रंगाचे तिचे नाजूक पंख दोऱ्यांत गुंतले होते. कुंदाने हळुवार एकेक दोरा सोडवला.

परी म्हणाली, "तुला तीन वर देते, बाळ. पण वर मागताना मनात ज्याचं नाव येईल, त्याच्याच घरी तो जाईल."

त्यात काय अवघड, असं कुंदाला वाटलं. तिने डोळे मिटले आणि बाबांचे पाय नाचू देत, असं मागितलं. पण नाचायचं म्हटलं आणि कानांत शेवंतीचे पैंजण वाजले. चंदेरी प्रकाश उडाला तो थेट शेवंतीच्या अंगणात. भिकूकाका असे काही नाचले की बघायला अख्खा गाव जमला. कुंदाचा नुसता जळफळाट झाला. शेवंतीने खेळायला बोलावलं, तर हिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भिकूकाका होडी घेऊन दूर समुद्रात गेले. कुंदा बाबांच्या पायावर गार पाण्याची पट्टी ठेवत होती.

"कुंदे, तू एवढी राबतेस," बाबा म्हणाले, "आणि मला तुझ्याबरोबर पाण्यापर्यंतसुद्धा येता येत नाही गं."

कुंदाला रडू आलं. त्या क्षणी शेवंतीही आठवली नाही आणि पैंजणही. हा अंगठा का दुखतो तेवढं मला समजू दे, असं ती पुटपुटली.

दारात परी लुकलुकली. तिचा निळसर प्रकाश अंगठ्यावर उतरला आणि कातडी काचेगत झाली. आत पांढऱ्याशुभ्र, बारीक बारीक सुया चमचमत होत्या. परीने समजावलं, की रक्तात युरिक ॲसिड साचलं की त्याच्या अशा सुया होतात. तिसऱ्या, सुकट, कलेजी आणि बाबा रोज संध्याकाळी पितात ती माडाची दारू, माडी, यांनी ते वाढतं.

कुंदाने टोपलीकडे पाहिलं. "म्हणजे मीच?"

"तुला ठाऊक नव्हतं, बाळ. गोळ्या रोज घेतल्या, पाणी भरपूर प्यायलं, तर सुया विरघळतील. पण त्याला कितीतरी महिने लागतात, आणि दुखणं थांबलं तरी गोळी थांबवायची नाही."

अजून एक वर होताच की. सुया आत्ताच जाऊ देत, असं म्हणायला कुंदाने तोंड उघडलं, आणि शेजारून शेवंतीच्या रडण्याचा आवाज आला. समुद्र खवळला होता. सगळ्या होड्या परतल्या होत्या, फक्त भिकूकाकांची नव्हती.

आता तिचेही बाबा नाचणार नाहीत, असं कुंदाच्या मनात आलं खरं. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने बाबांच्या सुजलेल्या पायाकडे एकदा पाहिलं, मग डोळे घट्ट मिटले आणि या वेळी मुद्दाम शेवंतीचं नाव मनात धरलं.

"बाबा सुखरूप घरी येऊ देत."

सोनेरी प्रकाश लाटांवरून धावत गेला. दिवस मावळायच्या आत भिकूकाकांची होडी किनाऱ्याला लागली.

कुंदाने फळीवरच्या गोळ्या खाली काढल्या. रोज सकाळी गोळी आणि दिवसभर तांब्यामागून तांब्या पाणी. तिसऱ्या बंद, माडी बंद. मध्ये दोनदा अंगठा पुन्हा सुजला. बाबा वैतागले, डॉक्टरांना दाखवून आले, पण गोळी काही चुकू दिली नाही कुंदाने.

वर्ष उलटलं आणि बाबांनी अंगठ्यात काथ्या धरला. पहिली दोरी भिकूकाकांच्या होडीला बांधायला बापलेक पाण्यापर्यंत चालत गेले. शेवंती नाचत आली, आणि तिचे पैंजण छुमछुम वाजले. कुंदा थबकली, पण पोटात कुठे काही दुखलं नाही.

लाटेवर मोतिया पंख चमकले. परी बहुधा एवढंच बघायला थांबली होती. ती गोड हसली आणि उन्हाच्या झगमगाटात विरघळून गेली.