दोन शून्यांमधलं अंतर

"ह्या दोघांतलं खोटं कोण बोलालंय?"

दिलावर मिस्त्रींनी विचारलं, पण मान वर केली नाही. त्यांची नजर गाडीतल्या गोल डायलवर होती.

"डायल," धैर्यशील म्हणाला.

"कशावरनं?"

"लॅपटॉपची जोडणी मी केलीय, उस्ताद."

असं उत्तर द्यायला माणूस एक तर फार जाणता लागतो, नाही तर फार तरुण. धैर्यशील चौगले सव्वीस वर्षांचा होता. कोल्हापुरातल्या उद्यमनगरमधल्या या गॅरेजात तो सात वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली राबला, मग कोइमतूरला जाऊन रेसच्या गाड्यांची कॉम्प्युटरवरची कामं शिकून आला. आल्यापासून स्वारी हवेत होती. मिस्त्री त्याला काही बोलत नव्हते, आणि तेच त्याला जास्त टोचत होतं.

चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर पट्ट्यांनी जखडलेली लाल गाडी नुकतीच तिसऱ्यांदा शेवटपर्यंत रेस करून थांबली होती. गॅरेजभर तापलेल्या लोखंडाचा वास होता.

काल या गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात एक नवा ऑक्सिजन सेन्सर बसवला होता, वाइडबँड म्हणतात तो. कंपनीचा सेन्सर नुसतं पेट्रोल कमी की जास्त एवढंच सांगतो. हा धूर हुंगून पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग जळाले, तो आकडाच सांगतो; आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल कमी. सेन्सर आणि त्याचा डायल मिस्त्रींनी जोडला. तिथून एक वायर इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या कॉम्प्युटरकडे गेली, ती बाजू धैर्यशीलनं जोडली. कॉम्प्युटरला कळलेला आकडा लॅपटॉपवर दिसायचा.

सेन्सर एक, तर आकडाही एकच यायला हवा.

डायल सांगत होता तेरा पॉइंट दोन. लॅपटॉप सांगत होता बारा पॉइंट चार.

लॅपटॉप खरा असेल तर सगळं छान. डायल खरा असेल तर इंजिन उपाशी पळत होतं, आणि उपाशी इंजिन घाटात दामटलं की पिस्टनचं डोकं वितळतं.

"माझ्याकडं दुसरं इंजिन नाही हो," दारातून ईश्वरी घोरपडे म्हणाली.

गाडी तिची. उद्या सकाळी घाटातल्या शर्यतीत ती चालवणारही तीच. गेल्या वर्षी याच शर्यतीत वळणावर तिचं इंजिन फुटलं, स्वतःच्याच सांडलेल्या ऑइलवरून गाडी घसरली आणि कठड्यावर आदळली. डावं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं.

"ताई, काही होत नाही," धैर्यशील म्हणाला. "उलट पेट्रोल थोडं जास्तच आहे. अजून दोन टक्के काढतो, गाडी आणखी सुटेल."

"काढू नको," मिस्त्री म्हणाले.

"का?"

"डायल तेरा दावालाय."

"डायल हलक्या प्रतीचा आहे, उस्ताद."

"सकाळी बघितलास तवा हलका न्हवता."

धैर्यशीलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. समोर गिऱ्हाईक उभं, आणि हा म्हातारा एका डायलपायी त्याची शोभा करत होता. मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं.

"गेल्या वर्षी ताईंच्या गाडीचं इंजिन तुम्हीच लावलं होतं ना? कानानं ऐकून?"

...

ईश्वरीनं मान खाली घातली. मिस्त्रींच्या हातातलं फडकं थांबलं.

"व्हय," ते म्हणाले. "मीच लावलंतं."

एवढंच. फडकं पुन्हा चालू झालं. धैर्यशीलला वाटलं होतं की जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

सहा वाजता गाडी शर्यतीच्या तपासणीला नेऊन उभी करायची होती. साडेतीन वाजून गेले होते.

"तुझी सगळी जोडणी एकदा तपास," मिस्त्री म्हणाले.

धैर्यशील गाडीखाली शिरला. इरेला पेटूनच शिरला. एकेक जोड त्यानं ओढून पाहिला, एकेक पिन उघडली. सोल्डरिंग चोख होतं, वायर कुठं तापलेली नव्हती, कुठं घासलेली नव्हती. अर्ध्या तासानं तो घामानं निथळत बाहेर आला.

"एक चूक दाखवा," तो म्हणाला.

"न्हाई दावता येणार. काम झकास हाय."

"मग?"

"गाडी चालू कर. रेस देऊ नको."

गाडी चालू झाली. डायलवर चौदा पॉइंट सात. लॅपटॉपवर चौदा पॉइंट सात. दोघं गुण्यागोविंदानं नांदत होते.

"बघा," धैर्यशील म्हणाला.

मिस्त्रींनी हातानंच थांब म्हटलं. ते स्टुलावर बसून राहिले. दोन मिनिटं गेली, तीन गेली. इंजिन तापलं आणि त्याला गार करणारा पुढचा पंखा घरघरत लागला.

लॅपटॉपवरचा आकडा खाली सरकला. चौदा पॉइंट तीन. डायल जागेवरच.

मिस्त्रींनी हात लांब करून हेडलाइट लावले.

चौदा पॉइंट शून्य. डायल अजूनही जागेवर.

धैर्यशील लॅपटॉपवर वाकला. पंख्याचा नि पेट्रोलचा काय संबंध? धूर तोच, सेन्सर तोच. त्याचा हात आपोआप लॅपटॉपच्या कळांवर गेला, पण काय दाबायचं ते सुचेना.

"तुझा कॉम्प्युटर कुठनं मोजालाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"सेन्सरच्या वायरीवरून. जेवढे व्होल्ट जास्त, तेवढा आकडा मोठा."

"ते झालं कुठंवर. कुठनं, ते सांग. त्याचं शून्य कुठाय?"

"शून्य म्हणजे... काळी वायर. निगेटिव्ह. ती मी बॉडीला दिलीय, आत डाव्या बाजूच्या बोल्टला."

"सेन्सरची काळी मी बॅटरीवर दिलीया."

"तेच ते, उस्ताद. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीलाच जोडलेलं असतं. इथंही शून्य, तिथंही शून्य."

"मग दोन शून्यांत अंतर किती?"

धैर्यशील हसला. कोइमतूरला हा प्रश्न कुणी विचारला असता तर वर्ग हसला असता.

"शून्य," तो म्हणाला.

मिस्त्रींनी खणातून जुना मल्टिमीटर काढला आणि त्याच्या पुढ्यात धरला.

"मोज."

"उस्ताद, उशीर होतोय..."

"मोज म्हटलं न्हवं?"

आवाज चढला नव्हता. तरी धैर्यशीलनं मीटर घेतला. सात वर्षांत त्यानं हा सूर दोनदाच ऐकला होता. त्यानं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवलं, लांब वायरीचं दुसरं टोक आत नेऊन आपल्या बोल्टला लावलं. पंखा चालू होता, दिवे चालू होते.

मीटरवर आकडा आला. तो हलून स्थिर झाला.

"वाच मोठ्यानं. ताईला ऐकू जाऊ दे."

...

"पॉइंट तीन पाच व्होल्ट."

बॅटरीपासून बॉडीकडं जाणारी पट्टी जुनी होती, बोल्टाखाली गंजून गेली होती. पंखा आणि दिवे वीज ओढायला लागले की बॉडी बॅटरीपेक्षा तेवढे व्होल्ट वर उचलली जायची. पाटावर उभं राहून शेजाऱ्याची उंची मोजावी, तसा धैर्यशीलचा कॉम्प्युटर मोजत होता. समोरचा आकडा त्याला कमीच दिसणार. नुसता पंखा नि दिवे लागले तर ही गत, मग भर रेसमध्ये पेट्रोलच्या पंपानंही वीज ओढल्यावर फरक आणखी वाढला, तर नवल नव्हतं.

म्हणजे इंजिन उपाशीच होतं. आणि त्याच्या तोंडचं आणखी दोन टक्के काढायला हा निघाला होता.

धैर्यशीलनं गाडी बंद केली. त्याला ईश्वरीच्या मनगटाकडं बघवेना. पण न बघून चालणार नव्हतं.

"ताई, उद्या मी तुमचं इंजिन जाळलं असतं," तो म्हणाला. "वळणावर जाळलं असतं."

ईश्वरी दारातून आत आली. तिनं वाकून डायलकडं पाहिलं.

"म्हणजे डायल खरा होता, मिस्त्री?" तिनं मग विचारलं.

"आज होता."

"तुम्हाला माहीत होतं?" धैर्यशीलनं विचारलं.

"वहीम होता. खात्री न्हवती."

"मग सरळ का नाही सांगितलंत? मी एवढं बोललो तुम्हाला..."

मिस्त्री फडक्यानं बोटं पुसत राहिले. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती.

"गेल्या वर्षी ह्या पोरीला मी खात्रीनं सांगितलंतं," ते म्हणाले. "जा बिनधास्त, म्हटलंतं."

...

धैर्यशीलला मान वर करवेना. मघाशी आपण कुठल्या जखमेवर बोट ठेवलं ते त्याला आत्ता कळलं. त्याला माफी मागायची होती, पण ती त्याला येत नव्हती. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. आत वाकून बोल्ट सोडवला आणि आपली काळी वायर काढली. बॉनेटखाली जाऊन बॅटरीवरची मिस्त्रींची काळी वायरही काढली.

पाच वाजायला आले होते. तो दोन्ही वायरी हातात धरून उभा राहिला.

"उस्ताद, कुठं बांधू? तुमच्या जागी की माझ्या?"

मिस्त्री स्टुलावरून उठले. गुडघ्यावर हात टेकून गाडीपाशी आले, इंजिनाच्या कडेची एक जागा त्यांनी पॉलिश कागदानं चकचकीत होईस्तोवर घासली आणि त्याच्या हातातल्या दोन्ही वायरी आपल्या चिमटीत घेतल्या.

"एकाच बोल्टाखाली घालू. मी धरतो, तू आवळ."