पलीकडचं विरजण

वैना नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. एकदा त्यांच्यात बिनसलं, तेव्हा अलीकडच्या दिवाणजींनी दवंडी पिटवली, "पलीकडून आलेल्यांनी तीन दिवसांत निघून जावं. तिकडून आणलेलं सगळं घेऊन जावं, कणभरही मागे राहता कामा नये!"

म्हाताऱ्या बयजा गवळणीला आपली होडी आठवली. चाळीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर इकडे निघाली, तेव्हा आईनं तिच्या मांडीवर विरजणाची बुडकुली ठेवली होती. सांडू नये म्हणून तिनं ती सारी वाट पोटाशी धरली होती.

तिसऱ्या दिवशी बयजा रिकामी बुडकुली घेऊन दरबारात उभी राहिली.

"महाराज, निघाले मी. हुकुमाप्रमाणे माझं विरजण तेवढं परत द्या."

"मग घे की! अडवलंय कुणी?" दिवाणजी खेकसले.

"तसं सोपं नाही, दिवाणजी. माझ्याकडून ते शेजारणीनं नेलं, तिच्याकडून तिच्या शेजारणीनं. आता गावात घरोघरी त्याचंच दही लागतं, तुमच्याकडंही. सकाळी दहीभात खाल्लात ना? त्यातलं पलीकडचं तेवढं काढून द्या, लगेच जाते."

दिवाणजींचा हात नकळत पोटावर गेला. महाराज खो खो हसले आणि त्यांनी हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला.

पुढे समेटाची बोलणी करायला होडी निघाली, तेव्हा महाराजांनी बयजालाच पुढे बसवलं. पलीकडे काठावर तिची भावजय उभी होती. आईच्या हातचं विरजण त्या घरातून केव्हाच संपलं होतं. बयजानं पोटाशी धरलेली विरजणाची बुडकुली तिच्या ओंजळीत ठेवली.