ठकूची वडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीवर पूल नव्हता, घाटात गाडीवाट नव्हती, आणि साबण हा शब्द कुणाच्या कानावरही आला नव्हता, तेव्हाची.

खाडीच्या काठी खारोळी गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला माडाच्या बागा आणि मधोमध तेल्याचा घाणा. त्या घाण्याच्या घरी ठकू सून म्हणून आली. असं म्हणतात, की अंतरपाट धरलेला असतानाच तिला हसू फुटलं. ते भटजींना लागलं, मग वऱ्हाडाला, मग दारात बांधलेल्या घाण्याच्या बैलाला. बैलाचं सोडून द्या, पण ठकू हसली की पैलतीराची माणसं हातातलं काम थांबवून इकडे बघायची, एवढं मात्र खरं.

सासू चिमाई मायेची होती, पण हसण्याचं तिला वावडं होतं. घरात काम डोंगराएवढं. खोबऱ्याचं तेल काढायचं, उंडीच्या बियांचं कडू तेल दिव्यासाठी काढायचं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत माखलेले. राखेने घासा, मातीने चोळा, वरचं तेल निघायचं, पण नखांच्या कडेचं काळं जन्मभर सोबत करायचं. चिमाईने तर आपल्या हातांकडे बघणंच सोडून दिलं होतं.

त्या काळी धुणं उकळायला राखेचं पाणी लागे. बुडाशी भोक पाडलेल्या मडक्यात गवत घालायचं, त्यावर आघाड्याची आणि केळीच्या खुंटाची राख दाबून भरायची, वरून पाणी सोडायचं. खाली थेंब थेंब तांबूस पाणी गळे, त्याला खार म्हणत. खार असा जहाल, की बोट बुडवलं तर कातडी सोलून निघे. म्हणून पोराबाळांना तिथे फिरकू देत नसत.

शिमग्याचे दिवस होते. ठकू परसात मोठ्या हंड्यात खार उकळत होती आणि तिची जाऊ सुंद्रा शेजारी बसून माहेरची गोष्ट सांगत होती. सुंद्राच्या भावाने म्हणे संकासुराचं सोंग घेतलं होतं. कुत्रं मागे लागलं म्हणून तो माडावर चढला, आणि ढोल काही थांबेना म्हणून वरच्यावरच नाचत राहिला. ठकू हसून हसून वाकली. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसेना. तशीच हात लांबवून तिने पाण्याची म्हणून घागर उचलली आणि हंड्यात ओतली. घागर खोबरेलाची होती.

सुंद्राने रिकाम्या घागरीत डोकावून पाहिलं. घागरभर तेल म्हणजे काय चेष्टा! सासूला दिसू नये म्हणून ठकू पळी घेऊन ढवळत सुटली. ढवळता ढवळता तेल दिसेनासं झालं, पाणीही दिसेनासं झालं, आणि हंड्यात पिठल्यासारखं काहीतरी रटरटू लागलं. ते फुगून काठापर्यंत आलं, तेवढ्यात चिमाई आली.

"हे काय रांधलंस?" चिमाईने विचारलं.

"आत्याबाई, ते मलाही कळायचंय," ठकू म्हणाली.

चिमाईला वाटलं, हंड्याला दृष्ट लागली. मिठागरांचं गाव, मिठाला काय तोटा! तिने मूठभर मीठ हंड्यावरून ओवाळून आत टाकलं. हंडा शांत होईना. तिने आणखी टाकलं, आणि शेवटी मिठाचं सूप उचलून उपडंच केलं. मग हंड्याने कूस बदलली. काळं पाणी तळाशी गेलं आणि वर लोण्यासारखा पांढरा गोळा तरंगून आला. तो त्यांनी परातीत काढून थापला. चांगला वाळेपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही, भीतीनेच. अमावस्या उलटून गेल्यावर ठकूने त्याची एक वडी कापली, पाण्यात बुडवली, आणि तिच्या तळहातावर फेस उभा राहिला.

आधी तिने सासूचे हात धरले. चोळले, नखं चोळली, पाणी ओतलं. चिमाई बराच वेळ हात उलटेसुलटे करून बघत राहिली.

"हे माझे हात होय गं?" ती म्हणाली, आणि हसली. असं म्हणतात, की ते हसू सुनेच्या हसण्यापेक्षाही लांब गेलं.

त्या दिवसापासून परसात वड्या व्हायला लागल्या. कधी सुरंगीची फुलं घातलेल्या, कधी वाळा घातलेल्या. फेस असा येई, की त्याचे फुगे माडाच्या शेंड्यांवरून जात. एका फुग्यात कोंबडीचं पिल्लू अडकलं आणि उडत उडत मिठागरात अलगद उतरलं, असंही सांगतात. ठकूने घरोघरी वडी दिली आणि ज्या बायांना शिकायचं होतं त्यांना राख चाळण्यापासून सगळं शिकवलं. पण झालं काय, की अशी सुवासिक, पांढरीशुभ्र वस्तू वापरायची कशी, म्हणून लोकांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. ठकू दारोदार फिरून सांगू लागली, "देवाचे हात स्वच्छच असतात बाई. तू तुझे धू."

काहींनी ऐकलं, काहींनी हसण्यावारी नेलं.

मग एका वर्षी पलीकडच्या गावांत पटकी आली. माणसं सकाळी धडधाकट असत आणि संध्याकाळी नसत. खारोळीच्या लोकांनी धक्क्यावर पहारा बसवला. एक दिवस भर दुपारी पलीकडून होडी आली. होडीत जगण्याच्या आशेने निघालेली माणसं होती, बायका होत्या, कडेवरची लेकरं होती. गावचा मुखत्यार, गावकर बाबाजी, धक्क्यावर उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याही घरात लेकरं होती. होडी मागे लोटायला त्याने बांबू पुढे केला.

ठकू गुडघाभर पाण्यात उतरली आणि बांबू आणि होडी यांच्या मध्ये उभी राहिली.  ती एवढंच म्हणाली, "बाबाजी, मी यांचे हात धुते. धुतलेल्या हाताला तू परत पाठवशील का?"

बाबाजीचा बांबू जिथल्या तिथे राहिला.

चिमाईने ताज्या गोड्या पाण्याच्या घागरी आणल्या, सुंद्राने वड्यांची टोपली आणली. ठकू एकेकाचे हात धुऊन त्याला धक्क्यावर घेऊ लागली. सगळ्यात शेवटी होडीच्या टोकाला एक म्हातारी उरली. होडीतलं कुणीही तिला ओळखत नव्हतं. तिचे हात तव्याच्या बुडासारखे काळे होते. ठकू चोळत राहिली, आणि काळं काही निघेना. वडी झिजली, दुसरी घेतली, तीही झिजली. फेस होडीतून सांडला, धक्क्यावर चढला, बाबाजीच्या कमरेला लागला. आणि म्हातारीला गुदगुल्या झाल्या. ती हसायला लागली, तशी ठकूही हसली.

म्हातारी म्हणाली, "मुली, मी ज्याला धरते तो सुटायला बघतो. माझा हात आपण होऊन धरलेली तूच पहिली."

तेव्हा ती कोण आहे ते ठकूला कळलं. ही तर पटकीच! तरी तिने हात सोडला नाही. नखं राहिली होती, ती चोळून पुरी केली आणि वरून पाणी ओतलं. म्हातारीने तिचं मनगट पकडून पाहिलं, पण पकड काही बसेना. म्हातारीला त्याचंही हसू आलं. ती उठली आणि फेसावर पाऊल ठेवून, कापसावरून चालावं तशी, खाडीच्या मुखाकडे निघून गेली. त्या वर्षी खारोळीत एकही माणूस दगावला नाही, असं म्हणतात. पलीकडची माणसं इथेच राहिली, आणि त्यांच्या वस्तीला आजही होडीवाडी म्हणतात.

देव्हाऱ्यातल्या वड्या त्याच संध्याकाळी खाली आल्या.

ठकू पुष्कळ जगली. पणतवंडांचे हात धुतले. ती गेली तेव्हा, सांगतात, भरतीचं पाणी तिच्या उंबऱ्यापर्यंत आलं, पांढरा फेस ठेवून शहाण्यासारखं परत गेलं.

आजही होळी विझली की खारोळीच्या बाया राख भरून नेतात आणि रंगपंचमीला घरोघरी हंडे चढतात. दोन घरांचं भांडण झालं, तर पंच निवाडा करत बसत नाहीत. दोघांना धक्क्यावर नेतात आणि एकमेकांचे हात धुवायला लावतात. गुदगुल्या होणारा माणूस फार वेळ रागावून राहू शकत नाही.

आणि धक्क्यावर कुणीही उतरो, ओळखीचा असो वा परका, जो गावकरी जवळ असेल तो पुढे होतो आणि म्हणतो, "हात द्या." वडी, पाणी, फेस. हात धुऊन, पुसून झाले की मगच त्याला विचारतात, तू कोण, कुठला.